ताईची दलाली

मराठीत 'दलाल' हा शब्द कुणी कौतुकाने वापरत नाही. राजकारणात तो शिवी म्हणून येतो, सिनेमात खलनायकाच्या नोकरीचं नाव म्हणून. आमच्या पनवेलमध्ये त्याला आणखी एक धार आहे. इथल्या कुठल्याही जुन्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, जमीन कशी गेली? तो आधी सरकारचं नाव घेईल, मग सिडकोचं, आणि तिसरं नाव दलालाचं.

म्हणून २०२३ मध्ये माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, "मी इस्टेट एजंट होणार आहे" असं जाहीर केलं तेव्हा घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

त्यामागचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाजण, सगळंच त्यात आलं. मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे जेवढी जमीन संपादित झाली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. आमच्याकडे 'साडेबारा टक्के' हे गणित राहिलेलं नाही, ते घरातल्या माणसासारखं नाव आहे. अमक्याचं साडेबारा टक्के निघालं, तमक्याचं अडकलं.

आमच्या आजोबांचं निघायच्या आधीच विकलं गेलं. भूखंड हातात यायला अजून वेळ होता, घरात आत्याचं लग्न होतं, आणि एक माणूस रोख पैसे आणि स्टॅम्प पेपर घेऊन आला. आजोबांनी सही केली. त्या पैशांत लग्न झालं आणि घरावर स्लॅब पडला. नंतर त्या भूखंडावर सात मजली इमारत झाली. आम्ही तिच्यासमोरून स्टेशनला जातो.

लहानपणी मला वाटायचं, त्या माणसाने आजोबांना फसवलं. मोठेपणी बाबांना खोदून विचारलं, तर त्यांनी सांगितलं की तो खोटं काहीच बोलला नव्हता. भूखंड साधारण कुठल्या भागात निघेल, तिथे रस्ता किती रुंद होणार, दोन-तीन वर्षांत भाव कुठे जाईल, याचा त्याला अंदाज होता. आजोबांना नव्हता. त्यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. एवढंच झालं.

ताईने दलालीत उतरताना प्रामाणिकपणाची जी व्याख्या धरली ती याच गोष्टीतून आली असं मला वाटतं. तिने ती कधी व्याख्या म्हणून मांडली नाही. पण ती जे करत आलीय ते असं: समोरच्याने विचारायच्या आधी सांगायचं.

*

ताई तेव्हा चौतीस वर्षांची होती. बी.कॉम. झालेली. एका पतपेढीत सात वर्षं काम केलं, मुलगी झाल्यावर ते सुटलं. भाऊजी तळोजा एमआयडीसीत शिफ्टमध्ये. मी ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत, रोज पनवेल-ठाणे लोकलने ये-जा.

एजंट व्हायला पूर्वी काही लागत नसे. एक टेबल, एक पाटी, चार ओळखी. रेरा कायदा संसदेने २०१६ मध्ये केला आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्यात एजंटलाही नोंदणी सक्तीची झाली. महाराष्ट्रात २०२३ पासून त्यावर आणखी एक पायरी आली. आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, ती पास झाल्याचं प्रमाणपत्र, आणि मगच महारेराची नोंदणी. वैयक्तिक नोंदणीची फी दहा हजार रुपये, मुदत पाच वर्षं.

ताईने परीक्षेचा अभ्यास स्वयंपाकघरात केला. कार्पेट एरिया म्हणजे काय, प्रकल्पाची नोंदणी कधी लागते, कलम १० खाली एजंटने काय करायचं आणि काय करायचं नाही. त्या कलमात अगदी सरळ लिहिलंय की नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली जागा एजंटने विकून द्यायची नाही, आणि खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती द्यायची नाही. ती मला म्हणाली, "हे सगळं पाळलं तर निम्मं पनवेल विकताच येणार नाही." तेव्हा ती हसत होती.

२०२४ च्या जानेवारीत तिने काम सुरू केलं. दुकान नव्हतंच. एक फोन, एक स्कूटी, दोन पोर्टलवर लिस्टिंग आणि मी करून दिलेली एक एक्सेल शीट. शीटमध्ये तारीख, पार्टीचं नाव, बजेट, काय हवंय, काय दाखवलं, पुन्हा फोन कधी, असे रकाने. या धंद्यात गिऱ्हाइकाला 'पार्टी' म्हणतात. लग्नाची नाही, वाढदिवसाची नाही, नुसती पार्टी.

पहिल्या महिन्यातच तिला कळलं की पोर्टलवरच्या निम्म्या जाहिराती खोट्या असतात. म्हणजे घर खरं असतं, पण ते सहा महिन्यांपूर्वी विकलेलं असतं. किंवा फोटो दुसऱ्याच फ्लॅटचे असतात. किंवा भाव मुद्दाम पाच लाख कमी लावलेला असतो. फोन आला की "अरे, तो कालच गेला, पण माझ्याकडे दुसरा आहे" असं म्हणायचं. यात काही वाईट आहे असं कुणाला वाटत नाही. फोन वाजायला हवा, एवढंच.

ताईच्या लिस्टिंगमध्ये खरे फोटो होते. तिसऱ्या ओळीत लिहिलेलं असायचं: 'उन्हाळ्यात टँकर येतो. लिफ्ट नाही. हॉलला ऊन नाही.' रोडपालीचं घर दाखवायचं तर ती पार्टीला दुपारी न नेता रात्री न्यायची, कारण तळोजा एमआयडीसीकडून कधी कधी येणारा वास रात्रीच कळतो. कळंबोलीचं असेल तर स्टील मार्केटच्या ट्रकचा आवाज ऐकवायची. आणि मग म्हणायची, "हे सगळं चालत असेल तर आता चांगलं काय आहे ते सांगते."

तिचा फोन फार वाजला नाही.

*

जानेवारी ते मे या पाच महिन्यांचे आकडे माझ्याकडे आहेत, कारण शीट मी सांभाळत होतो. ११८ चौकश्या. त्यातल्या ४७ जणांना तिने प्रत्यक्ष घर दाखवलं. व्यवहार शून्य. पेट्रोल, पोर्टलचे पैसे, नोंदणी, प्रशिक्षण असा खर्च धरला तर अडतीस हजार गेले.

सॉफ्टवेअरमध्ये असं काही झालं की आपण म्हणतो, प्रॉडक्ट बदला. ११८ लोक आले, ४७ आत आले, एकानेही घेतलं नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी गळती आहे. गळती कुठे आहे ते शीटमध्ये स्पष्ट दिसत होतं. घर बघून आल्यावर पार्टी "कळवतो" म्हणायची आणि दुसऱ्या एजंटकडून घर घ्यायची. कधी कधी तेच घर. ताईने सांगितलेले दोष ऐकून ती मालकाशी भाव करायची आणि दलाली वाचवायला दुसऱ्या वाटेने जायची.

याच काळात गुंठ्याचं प्रकरण झालं.

पनवेलच्या पूर्वेला माथेरानच्या डोंगराकडे जाताना नेरे, मालडुंगे ही गावं लागतात. त्या पट्ट्यात आणि इकडे शिरढोणच्या बाजूला गुंठ्यांचे प्लॉट खूप विकले जातात. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेताचा तुकडा घ्यायचा, त्यात लाल मातीचा रस्ता काढायचा, कोपऱ्याला दगड रोवायचे, कमान उभारायची आणि 'एअरपोर्टपासून तीस मिनिटांवर तुमचं हक्काचं फार्महाउस' असा बॅनर लावायचा.

अशा एका योजनेवाल्याने ताईला विचारलं. दर गुंठ्यामागे पन्नास हजार कमिशन. त्याच आठवड्यात तिच्याकडे एक निवृत्त जोडपं आलं होतं, परळच्या चाळीत आयुष्य काढलेलं. हातात फंडाचे पैसे होते आणि त्यांना जमिनीवरचं घर हवं होतं. दोन गुंठे. ताईचे एक लाख.

तिने त्यांना जागा दाखवली. काका कमानीखाली उभे राहून समोरचा डोंगर बघत होते. मग ताईने त्यांना तिथेच, दगडावर बसून, तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, हा सातबारा शेतजमिनीचा आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कूळ कायद्याचं कलम ६३. काकांच्या नावावर गावाला जमीन नव्हती, वडिलांच्याही नव्हती. दुसरी, शेताचे असे छोटे तुकडे पाडून विकण्यावर १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव लागेलच असं नाही. तिसरी, पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराचा नंबर लागतो. या योजनेला तो नाही. "म्हणजे मी तुम्हाला हा प्लॉट विकूच शकत नाही. दाखवायलाही नको होता, पण तुम्ही बॅनर बघूनच आला होतात."

काकू म्हणाल्या, "पण ते साहेब तर म्हणाले, पॉवर ऑफ ॲटर्नी करू आणि एनए झालं की नाव लावून देऊ."

"एनए कधी होईल ते त्यांनी लिहून दिलंय का, काकू?"

ते दोघं परत गेले. महिनाभराने कळलं की त्यांनी तिथेच दोन गुंठे घेतले, दुसऱ्या एका मुलाकडून. योजनेवाल्याने ताईला फोन करून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. सार एवढंच होतं की, बाई, तुला धंदा करायचा नसेल तर दुसऱ्याचा मोडू नकोस.

त्या रात्री भाऊजी पहिल्यांदा बोलले. रागाने नाही. म्हणाले, "त्यांनी घ्यायचंच ठरवलं होतं. तू सांगून काय झालं? त्यांचं नुकसान टळलं नाही, आपलं झालं." यावर ताईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आजही फारसं नाही.

*

सिडको ज्या वर्षी स्थापन झाली त्याच वर्षी, १९७० मध्ये, जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा एक लेख प्रसिद्ध झाला. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, चौथ्याने छापला. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं त्यामागे हा लेख होता. त्यातली कल्पना साधी आहे. जुनी गाडी चांगली की खटारा, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खटारा असेल असं धरूनच भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला विकणं परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग बाजारात खरोखरच खटारे उरतात. अकरलॉफचं म्हणणं, खोटेपणाची किंमत फक्त फसलेला माणूस देत नाही. खरं बोलणारा विक्रेता बाजारातून हाकलला जातो, हीसुद्धा त्याचीच किंमत.

मला ताईची शीट आठवली. तिच्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी कुठेतरी पोळलेला होता. त्यामुळे ती "लिफ्ट नाही" म्हणाली की तो मनात म्हणायचा, ही एवढं सांगतेय म्हणजे लपवलेलं किती असेल! खऱ्या माणसाला खरं ठरायला वेळ लागतो आणि तोपर्यंत त्याला खोट्याच्याच भावात मोजलं जातं.

दुसरा एक अभ्यास खास आमच्या धंद्याबद्दलचा आहे. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागो आणि आसपासच्या सुमारे एक लाख घरविक्रींचे आकडे तपासले. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त ठेवतो आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो, असं त्यांना दिसलं. गिऱ्हाइकाचं घर असलं की "आलेली ऑफर घेऊन टाका". यात तो खोटं बोलत नाही, फक्त स्वतःचं गणित करतो. आपल्याकडच्या हिशेबात सांगायचं तर पन्नास लाखांच्या घराला दीड लाख जास्त मिळाले तर दोन टक्क्यांनी एजंटला मिळणार तीन हजार. तीन हजारांसाठी आणखी दोन आठवडे कोण धावपळ करेल?

हे वाचल्यावर मला प्रामाणिकपणाबद्दलच्या उपदेशांचा कंटाळा यायला लागला. 'प्रामाणिक राहा, चिकाटी ठेवा, यश येईलच' असं प्रत्येक रीलमध्ये कुणीतरी गाडीत बसून सांगत असतं. त्या मधल्या काळाचं भाडं कोण भरतं, हे कुणी सांगत नाही. ताईच्या बाबतीत ते भाऊजींनी भरलं, ओव्हरटाइम करून. पोर्टलचे पैसे मी भरले. म्हणजे तिचा प्रामाणिकपणा दोन पगारांवर उभा होता. ज्या मुलाने त्या जोडप्याला गुंठे विकले तो बीडहून आलेला, खारघरमध्ये चौघांच्या खोलीत राहणारा, बाइकचा हप्ता चुकलेला मुलगा होता. त्याने केलं ते चूकच, पण त्याच्यामागे कुणाचाच पगार नव्हता. ताई त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही. म्हणते, "मला थांबता आलं, त्याला नाही."

*

पहिला व्यवहार जूनमध्ये झाला. कामोठ्यात भाड्याचं वन बीएचके. अकरा महिन्यांचा करार, महिना चौदा हजार, एका महिन्याचं भाडं ही दलाली. एका हॉस्पिटलमध्ये नर्स असलेली मुलगी होती. ताईने तिला आधी तीन घरं दाखवली आणि तिन्हीबद्दल "घेऊ नकोस" म्हणाली. एकात पाणी तासभर, एकात मालक खालीच राहतो आणि येण्याजाण्याच्या वेळा विचारतो, एकाच्या जिन्यात दिवा नाही आणि तिची नाइट ड्यूटी. चौथं घर घेतलं. पुढच्या चार महिन्यांत त्या मुलीने तिच्या दोन मैत्रिणी पाठवल्या.

चिकाटी म्हणजे काय, हे मला तेव्हा शीटमध्ये दिसायला लागलं. आधी मला वाटायचं, चिकाटी म्हणजे रोज फोन करत राहणं. ते तर सगळेच करतात. तुम्हीही एकदा कुठल्या पोर्टलवर नंबर टाकला असेल तर पुढचे सहा महिने तो अनुभव घेतला असेल. "सर, साइट व्हिजिट कधी करताय?" ताईच्या शीटमधल्या 'पुन्हा फोन' या रकान्यात नुसती तारीख नसायची, कारण असायचं. 'करार मार्चमध्ये संपतो.' 'मुलाची दहावी, एप्रिलनंतर.' 'गॅलरीचं काम झालं का विचारणे.' 'ओसी आली का ते बघून सांगणे.' सांगण्यासारखं काही असेल तेव्हाच ती फोन करायची. खरं बोलणं एकदा करून भागत नाही, ते पुन्हा पुन्हा तपासता यावं लागतं, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा हजर राहावं लागतं. हजर राहिली नसती तर तिचं खरं बोलणं कुणाला कळलंच नसतं. आणि सांगण्यासारखं खरं काही नसतं तर तिचं हजर राहणं हा नुसता त्रास झाला असता.

पहिली विक्री चौदाव्या महिन्यात, २०२५ च्या फेब्रुवारीत झाली. खांदा कॉलनीतला जुना वन बीएचके. मालक निवृत्त शिक्षक, अपेक्षा बावन्न लाख. बेडरूमच्या भिंतीला पावसाळ्यात ओल यायची. मालकांनी नुकताच रंग काढला होता. ताई त्यांना म्हणाली, "सर, ओल मी पार्टीला सांगणार. मान्य असेल तर चावी द्या."

ते भडकले. "तू एजंट कुणाची? माझी की त्यांची?"

प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडे एकच एजंट दोन्ही बाजूंकडून एक-एक टक्का घेतो. दोघांचा पैसा घेतला तर दोघांचंही हित कसं बघणार? ताईने यावर काढलेला मार्ग असा: मालकाला अगोदरच सांगायचं की मी काय बोलणार आहे. त्याला नको असेल तर त्याने दुसरीकडे जावं. घेणाऱ्याची शेवटची तयारी किती आहे हे मालकाला सांगायचं नाही आणि मालकाला किती घाई आहे हे घेणाऱ्याला सांगायचं नाही. पण भिंतीबद्दल गुपित ठेवायचं नाही. भिंत कुणा एकाची नसते, ती पावसाळ्यात सगळ्यांना दिसते.

शिक्षक दुसऱ्या एजंटकडे गेले. ताई महिन्या-दीड महिन्याने त्यांना फोन करत राहिली. एकदा सोसायटीच्या एनओसीला काय कागद लागतात ते सांगायला, एकदा सिडकोच्या हस्तांतरणाची परवानगी काढायला किती वेळ लागतो ते सांगायला. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे इथे फ्लॅट विकताना त्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही, आणि नवखा माणूस त्यातच अडकतो. पावसात एका पार्टीने ओल बघून टोकन परत घेतलं, तेव्हा शिक्षकांनी चावी ताईकडे दिली.

घर एक्कावन्न लाखांना गेलं. घेणाऱ्या जोडप्याने ओलीचं काम धरून भाव केला होता. त्यांनी एक टक्का पूर्ण दिला. शिक्षकांनी अर्धाच दिला, कारण "तुझ्यामुळे माझे एक लाख गेले." एकूण साडेशहात्तर हजार. ताईने त्यातून पहिल्यांदा भाऊजींच्या हातात पैसे दिले. त्यांनी ते मोजले नाहीत, कपाटात ठेवले. सकाळी मोजले असतील.

*

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली. आमच्या गच्चीवरून आता विमानं दिसतात. या विमानतळाच्या नावावर पनवेलमध्ये कितीतरी वर्षं घरं विकली गेली. भूमिपूजन २०१८ मध्ये झालं, पण 'एअरपोर्टजवळ' हे शब्द त्याच्याही फार आधीपासून बॅनरवर होते. बेलापूर-पेंधर मेट्रोचंही तेच. काम २०११ मध्ये सुरू झालं, मेट्रो धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. 'मेट्रो येतेय' म्हणून ज्यांनी पहिल्या वर्षी घर घेतलं त्यांची मुलं तोवर शाळेतून कॉलेजात गेली. खोटं कुणी बोललं नव्हतं. मेट्रो येतच होती.

आता ताईला रोज विचारला जाणारा प्रश्न एकच: "मॅडम, रेट वाढेल ना?"

ती म्हणते, "माहीत नाही."

या धंद्यात सगळ्यात महाग शब्द हेच असावेत. एजंटकडे लोक खात्री विकत घ्यायला येतात, घर नंतर घेतात. "माहीत नाही" ऐकून अजूनही निम्मे लोक उठून जातात. जे थांबतात त्यांना ती जे माहीत आहे ते सांगते. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून ताबा देण्याची मूळ तारीख काय होती आणि आता काय आहे ते दाखवते. कार्पेट किती, त्यावर चढवलेला आकडा किती. घर रेल्वे स्टेशनपासून चालत किती मिनिटं, ते स्वतः चालून मोजलेलं. 'विमानतळ दहा मिनिटांवर' असं लिहिलेला बॅनर दिसला की तिथून संध्याकाळी सहा वाजता स्कूटी काढते आणि घड्याळ लावते.

दोन वर्षांनंतर तिची कमाई माझ्या पगाराच्या निम्मीही नाही. तिच्याबरोबर परीक्षा दिलेल्यांपैकी एकाने चारचाकी घेतली, दोघांनी धंदा सोडला. ताई मध्ये कुठेतरी आहे. गेल्या वर्षातल्या तिच्या बहुतेक व्यवहारांत पार्टी कुणाच्या तरी सांगण्यावरून आली होती. पोर्टलचं एक सदस्यत्व आम्ही बंद केलं. बाबा अजून तिच्या धंद्याचं नाव घेत नाहीत. कुणी विचारलं तर "कागदपत्रं बघून देते" म्हणतात. ताईला हे वर्णन आवडतं. तिच्या मते तिच्या पाटीवरही तेच असायला हवं.

तुम्ही यात नव्याने उतरणार असाल, तर माझ्याकडे सल्ला नाही, मी शीट सांभाळणारा माणूस आहे. एवढं सांगू शकतो की, खरं बोलायचं ठरवलंत तर आधी वर्षभराच्या भाड्याची सोय बघा. ती नसेल तर सकाळची अर्धवेळ नोकरी धरा, भाड्याच्या घरांपासून सुरुवात करा. भुकेल्या माणसाला गुंठ्याची कमान फार सुंदर दिसते.

मागच्या महिन्यात शीट साफ करत होतो. दोन वर्षांत साडेचारशेच्या वर ओळी झाल्या होत्या आणि ज्यांचं काही होणार नाही त्या उडवायच्या ठरवल्या. परळच्या त्या जोडप्याची ओळ आली. मी विचारलं, "ही काढू ना? त्यांनी तर घेऊन टाकलं."

ताई भाजी निवडत होती. म्हणाली, "नको. उद्या विकायला निघाले तर सातबाऱ्यावर नाव नाही, हे त्यांना परत कळेल. तेव्हा फोन करायला कुणीतरी पाहिजे."

मी 'पुन्हा फोन' या रकान्यात जून लिहिलं. कारणाच्या जागी तिने सांगितलं ते टाकलं: 'नाव लागलं का विचारणे.'